माळावरचं हिरवं : किती आणि कोणतं?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेळ्यांमागे माळावर मोबाइलवर रेडिओ लावून बसला असाल. आज आम्ही तुमच्याशी गवताबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून हसू नका. आपल्या भागातल्या निम्म्या गटांचं कर्ज शेळ्या-मेंढ्यांवर आहे. हप्ता शेळीवर उभा, शेळी गवतावर उभी, आणि गवत पावसावर. म्हणजे गटाच्या वहीत जो आकडा आपण लिहितो, त्याचं मूळ माळावर आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या माळाकडे आपण बघतो तसं आणखी कुणीतरी बघतंय, आकाशातून. तुमच्या गावाच्या वरून दर थोड्या दिवसांनी उपग्रह जातात आणि खाली कुठे किती हिरवं आहे याची नोंद करतात. ही नोंद कित्येक वर्षांची आहे आणि बरीचशी फुकट, सगळ्यांना खुली आहे. तिचा उपयोग करून दुष्काळ ठरतो, जमिनींचे नकाशे होतात, हवामान बदलतंय तसं गवत कसं बदलतंय याचा अभ्यास होतो. मग हा उपग्रह नेमकं काय बघतो, त्याला काय दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपण कसं सांगायचं, एवढंच आज बोलू.

आधी आपला माळ. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेपासून अहिल्यानगर, सोलापूर, आणि इकडे माण, खटाव, आटपाडी, जत, असा हा कमी पावसाचा पट्टा. इथली माती पातळ, खाली मुरूम आणि खडक. अशा जमिनीवर मोठी झाडं फार नसतात, आणि पूर्वीही सगळीकडे नव्हती. इथलं खरं धन म्हणजे गवत. पवना, शेड्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही नावं आपल्या सासवांना पाठ होती. मारवेल कापून आणला की म्हैस दावं ओढायची. कुसळी कोवळी असेपर्यंत चांगली, कुसळं धरली की शेळीच्या तोंडाला टोचतात आणि मेंढीच्या लोकरीत रुततात. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. भारे वाहून आलेलं आहे.

या माळाचं वर्ष ठरलेलं असायचं. मृगाचा शिडकावा झाला की हिरवी झाक, श्रावणात घोट्याला लागेल एवढं गवत, दसऱ्याच्या सुमाराला फुलोरा, दिवाळीनंतर पिवळं, आणि मग उन्हाळाभर वाळलेलं. ठरलेलं वर्ष आता ठरल्यासारखं चालत नाही, हे तुम्ही आम्हाला बैठकीत दर वेळी सांगता. पाऊस येतो तो एकदम कोसळतो, नाहीतर तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही.

तुमचं हे म्हणणं शास्त्रज्ञांच्या मोजमापातही आलेलं आहे. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपल्या राज्याचाही काही भाग येतो, मोठ्या भागावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिप्पट झाल्या. आणि त्याच काळात पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे थेंब कमी आणि तडाखा जास्त. पातळ मातीच्या माळावर एका दिवसात पडलेलं पाणी ओढ्याला वाहून जातं. गवताची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात. त्यांना एकदम बादलीभर पाणी देऊन भागत नाही, तांब्या-तांब्याने द्यावं लागतं.

आता उपग्रहाकडे वळू. तो गवत कसं मोजतो?

पानाला हिरवा रंग देणारं हरितद्रव्य असतं. पान त्याच्या मदतीने उन्हातून अन्न तयार करतं. त्यासाठी ते उन्हातला तांबडा प्रकाश शोषून घेतं. पण तांबड्याच्या पलीकडे एक प्रकाश आहे, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त म्हणतात. तो पानाच्या उपयोगाचा नसतो, म्हणून निरोगी पान तो परत फेकतं. उपग्रहाच्या डोळ्याला हे दोन्ही प्रकाश दिसतात. तांबडा कमी परत आला आणि अवरक्त भरपूर आला, तर खाली जिवंत हिरवी पानं आहेत. दोन्ही साधारण सारखे आले, तर वाळलेलं गवत किंवा उघडी माती.

हिशोब आपल्या गटाच्या हिशोबापेक्षा सोपा आहे. समजा तांबड्याच्या शंभर भागांपैकी ८ भाग परत आले आणि अवरक्ताचे ४०. चाळीसमधून आठ वजा केले, ३२. चाळीस आणि आठची बेरीज केली, ४८. बत्तीसला अठ्ठेचाळीसने भागलं की ०.६७. हा झाला हिरवागार माळ. उन्हाळ्यात समजा तांबडा २० आणि अवरक्त ३० परत आला. वजाबाकी १०, बेरीज ५०, भागाकार ०.२. हा वाळलेला माळ. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात, आपण त्याला हिरवेपणाचा आकडा म्हणू. तो जास्तीत जास्त १ पर्यंत जातो. पाण्याचा आकडा तर शून्याच्याही खाली जातो.

ही रीत मुळात गवतासाठीच रूढ झाली. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने जमिनीची पाहणी करणारा आपला पहिला उपग्रह सोडला. पुढे त्या मालिकेला लँडसॅट नाव पडलं. टेक्सासमधल्या संशोधकांनी त्याच्या चित्रांवरून अमेरिकेच्या मध्यभागातली विस्तीर्ण गवताळ मैदानं अभ्यासली. वसंतात गवत दक्षिणेकडून उत्तरेकडे कसं हिरवं होत जातं ते बघताना हा भागाकार पुढे आला. तारीख बघा. त्याच जुलैत आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाची झळ सुरू झाली होती. आपल्या आया-सासवा पुढे खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा इथल्या गवताचा हिशोब फक्त त्यांच्याच डोक्यात होता.

आज तसं नाही. लँडसॅटची मालिका अजून चालू आहे. तिच्या चित्रातला एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांचा असतो. एका उपग्रहाची फेरी १६ दिवसांनी त्याच जागेवर येते. ही चित्रं २००८ पासून कुणालाही फुकट मिळतात. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह २०१५ पासून आहेत. त्यांचा सर्वात बारीक चौकोन १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. आपल्या देशाने पहिला असा उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ ला सोडला, आणि त्याच्या पुढच्या पिढीतले उपग्रह काम करतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात ही चित्रं उतरवली जातात आणि इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर नकाशे बघता येतात. तुमच्या गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती मोबाइलवर आपलं गाव शोधून दाखवेल.

या सगळ्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की काय कळतं? तीन गोष्टी कळतात. पहिली, गवत हिरवं कधी झालं. दुसरी, ते सर्वात जास्त किती हिरवं झालं. तिसरी, ते वाळलं कधी, म्हणजे हिरव्या चाऱ्याचे दिवस किती मिळाले. एका वर्षाच्या आकड्यावरून हवामान बदलाबद्दल काही बोलता येत नाही. एखादं वर्ष वाईट असतं, एखादं चांगलं. पण वीस-पंचवीस वर्षांची ओळ समोर असली, तर हंगाम पुढे सरकतोय का, आखडतोय का, मध्ये खंड पडतोय का, ते दिसतं.

त्यातही एक बारकावा आहे. समजा माळ दरवर्षी कमी हिरवा होतोय. दोष कुणाचा? पावसाचा की जमिनीचा? आपण गाईचं उदाहरण घेऊ. दूध कमी झालं तर आपण आधी बघतो पेंड कमी पडली का. पेंड कमी केली म्हणून दूध घटलं असेल तर गाय ठीक आहे. पेंड तेवढीच आणि दूध कमी, तर गाईला काहीतरी झालंय. गवताचंही तसंच करतात. पावसाचा आकडा आणि हिरवेपणाचा आकडा शेजारी शेजारी ठेवतात. पाऊस कमी म्हणून गवत कमी, तर पाऊस आल्यावर माळ उठेल. पाऊस पुरेसा आणि तरी गवत कमी, तर माती धुपली आहे, चराई जास्त झाली आहे किंवा मुळं मेली आहेत, आणि तिथे काम करावं लागेल.

हा फरक केला नाही तर काय होतं, याचं उदाहरण आफ्रिकेत आहे. ते आपल्यालाही लागू पडतं म्हणून सांगतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने एक गवताळ पट्टा आहे, त्याला साहेल म्हणतात. तिथेही लोक गुरं-शेळ्या घेऊन पावसामागे फिरतात, आपल्या धनगर बांधवांसारखे. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथे भयंकर दुष्काळ पडले. जगभर बोललं जाऊ लागलं की वाळवंट दरवर्षी दक्षिणेकडे सरकतंय, आणि पशुपालकांनी गवत खाऊन संपवलं म्हणून सरकतंय. मग अमेरिकेच्या नासा संस्थेतले कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या काळातली उपग्रहाची नोंद तपासली. १९८४ पर्यंत वाळवंटाची कड खरंच दक्षिणेला आली होती. पण १९८५ मध्ये पाऊस आला आणि ती पुन्हा उत्तरेकडे हटली. कड पावसाबरोबर मागेपुढे होत होती. दरवर्षी नेमाने पुढे येणारं वाळवंट त्या नोंदीत सापडलं नाही. सगळं खापर मेंढपाळांच्या माथी फोडणं मग तितकं सोपं राहिलं नाही. आपल्याकडेही माळ उजाड दिसला की पहिलं बोट शेळीवालीकडे जातं. म्हणून पाऊस आणि गवत यांची नोंद शेजारी शेजारी असणं आपल्या कामाचं आहे.

आता उपग्रहाला काय दिसत नाही ते बघू.

एक तर ढग. गवत वाढतं पावसाळ्यात आणि नेमके तेव्हाच ढग. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगाच्या खालचं दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून काही उपग्रहांच्या नोंदीत सोळा दिवसांतलं सर्वात स्वच्छ चित्र निवडतात. रडार वापरणारे उपग्रह ढगातून आरपार बघतात. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाने मिळून श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार तसाच आहे. म्हणजे ढगांवर तोड निघाली आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. उपग्रहाला हिरवं किती ते दिसतं, पण ते हिरवं कोणतं ते नीट कळत नाही. मारवेल हिरवा, गाजर गवतही हिरवं. पवना हिरवा, वेडी बाभूळही हिरवी. आकड्याच्या लेखी सगळे सारखे. शेळीच्या लेखी सारखे आहेत का? गाजर गवताने अंगाला खाज सुटते, जनावर त्याला तोंड लावत नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा जनावरं खातात, आणि त्यांच्या शेणातूनच ती माळभर पसरते. तिच्याखाली गवत टिकत नाही, आणि काट्यांमुळे आत जाता येत नाही ते वेगळंच.

गुजरातमध्ये कच्छमधल्या बन्नीचा माळ देशातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक. रणातला खारटपणा पसरू नये म्हणून तिथे १९६० च्या दशकापासून हीच बाभूळ लावली गेली. तिथले मालधारी तिला गांडो बावळ म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. शेकडो कोस अंतरावरच्या लोकांनी एकाच झाडाला एकच नाव ठेवलं, यावरून तिची कीर्ती समजा. आज बन्नीचा मोठा भाग तिने व्यापला आहे. हिरवेपणाचा नुसता आकडा बघितला तर तिथे बरं चाललंय असं वाटेल. म्हशींना विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल.

देशाच्या आकड्यातही हेच आहे. २०१९ साली एक अभ्यास गाजला होता. २००० ते २०१७ या काळात जग जास्त हिरवं झालं, आणि त्यात चीन आणि भारत आघाडीवर, असं त्यात होतं. वर्तमानपत्रांत आनंदाच्या बातम्या आल्या. पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलं होतं की भारतातल्या वाढीचा सुमारे ८२ टक्के वाटा शेतीचा आहे. म्हणजे बोअर, कालवे, दुबार पिकं. त्या आकड्यावरून चराईच्या माळाचं काय झालं ते कळत नाही.

हवामान बदलाचा इथे एक वेगळा धागा येतो. कारखाने आणि गाड्या वाढायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. आपली माळाची गवतं उन्हाची आणि कमी पाण्याची सवय असलेली. त्यांना या जादा वायूचा फारसा फायदा होत नाही. झुडपांना आणि बाभळींना तो जास्त होतो. चराई, वणवा, नवी लागवड ही कारणं आहेतच, त्यात हे आणखी एक. म्हणून जगभर अनेक गवताळ भागांत झुडपं पुढे सरकताना दिसतात. वरून हिरवं वाढत जाईल आणि खाली चारा कमी होत जाईल, असं होऊ शकतं.

उपग्रहाच्याच नोंदीतून थोडं ओळखण्याची एक युक्ती आहे. मार्च-एप्रिलचं चित्र बघायचं. तेव्हा माळावरचं गवत वाळलेलं असतं. त्या महिन्यातही जे हिरवं दिसतं ते एकतर बागायत, नाहीतर झाड-झुडूप. दहा वर्षांपूर्वीचा एप्रिल आणि यंदाचा एप्रिल शेजारी ठेवला तर बाभूळ किती पुढे आली याचा अंदाज येतो. पण कुठलं झाड, आणि पावसाळ्यात उगवलं ते मारवेल की गाजर गवत, हे मात्र पायाखाली बघूनच सांगावं लागतं.

आणि हे सांगणारं कुणी नसेल तर नुकसान आपलं आहे. ते कसं, ते सांगतो.

आपले माळ आणि गायरानं सरकारी भाषेत बऱ्याचदा 'पडीक' या रकान्यात येतात. पडीक म्हणजे वाया गेलेली, कुणाच्या कामाची नसलेली. काही वर्षांपूर्वी एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या कोरड्या भागातली माळरानं, खुरट्या झुडपांचे प्रदेश आणि खडकाळ पठारं यांचा नकाशा केला. हा सगळा प्रदेश देशाच्या जमिनीच्या सुमारे दहा टक्के भरला. त्यातला मोठा भाग सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेला आहे. पडीक म्हटलं की कुणीही येऊन म्हणतो, इथे झाडं लावू, इथे प्रकल्प करू. आमच्या भागात एका गावच्या माळावर एका योजनेतून असेच खड्डे घेतले गेले. ज्या बायकांची जनावरं तिथे चरतात, त्यांना कुणी विचारलं नाही. खड्ड्यांसाठी उकरलेल्या मातीबरोबर पवन्याचे ठोंब गेले. रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात जळली. गवताची जागा मात्र तणाने घेतली. आता उपग्रहातून बघितलं तर तो माळ पावसाळ्यात पहिल्यासारखाच हिरवा दिसतो.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे तालुका दुष्काळी ठरवताना पावसाबरोबर इतर निकष बघतात, आणि त्यात उपग्रहाचा हा हिरवेपणाचा आकडाही आहे. २०१८ साली आपल्या राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, ते याच चौकटीतून. आकडे बघून झाल्यावर तालुक्यातल्या दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी करतात. तिला सत्यमापन म्हणतात. शब्द चांगला आहे. म्हणजे सरकारच्या नियमातही हे मान्य आहे की वरून बघितलेलं खाली येऊन ताडून बघावं लागतं. आपलं गाव त्या दहा टक्क्यांत आलं, तर त्या दिवशी कुणाच्या हातात वही असेल?

म्हणून आमच्या काही गटांनी गवताची वही सुरू केली आहे. तिला खर्च नाही. कसं करायचं ते सांगतो, लिहून घ्या.

माळावर चार जागा ठरवायच्या. एक उताराची, एक सपाट, एक ओढ्याकाठची, एक जिथे जनावरं जास्त बसतात ती. प्रत्येक ठिकाणी मोठ्या दगडाला चुना लावून खूण करायची. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच दगडाजवळ उभं राहून, त्याच दिशेला तोंड करून मोबाइलवर एक फोटो काढायचा. एवढं एका वर्षात बारा वेळा. उपग्रह वरून जे करतो तेच आपण खालून करतोय.

वहीत चार तारखा लिहायच्या. माती भिजवणारा पहिला पाऊस कधी झाला. जनावरं हिरव्यावर पहिल्यांदा कधी सोडली. गवताला फुलोरा कधी आला. विकतची वैरण पहिल्यांदा कधी आणावी लागली. ही शेवटची तारीख सर्वात महत्त्वाची, कारण ती आपल्या कनवटीला लागते. जोडीला पावसाचे खंड लिहायचे, किती दिवस कोरडे गेले ते.

मग दसरा-दिवाळीच्या मध्ये मोजणी करायची. चार काठ्या बांधून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट करायची. ती माळावर ठेवायची आणि आतली गवतं ओळखायची. हे काम म्हाताऱ्या बायकांना द्या. आमच्याकडे एक आत्याबाई आहेत, त्यांना अक्षर येत नाही, पण डोळे मिटून पान चुरगळलं तरी गवताचं नाव सांगतात. त्या सांगतात, नात लिहिते. चाऱ्याची किती आणि कुचकामी किती, अशा दोन रांगा करायच्या. नंतर चौकटीतलं चाऱ्याचं गवत विळ्याने कापायचं, वाळवायचं आणि ताणकाट्यावर तोलायचं.

समजा एका चौकटीत वाळलेलं २०० ग्रॅम भरलं. एकरात अशा साधारण चार हजार चौकटी बसतात. म्हणजे एकरी ८०० किलो. पण सगळं काढायचं नाही. अर्धं जनावराला, अर्धं माळाला. मुळं जगायला, बी पडायला आणि माती झाकायला ते लागतं. उरले ४०० किलो. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण किलोभर सुका चारा लागतो, वर्षाला ३६५ किलो. म्हणजे अशा माळावर एका शेळीला साधारण एक एकर. शेळी पालाही खाते, तो भार वेगळा. पाऊस हुकला आणि चौकटीत १०० ग्रॅमच भरलं, तर एका शेळीला दोन एकर लागतील. तुमच्या माळाचा आकडा वेगळा येईल, तो तुम्हीच काढा.

आता हा आकडा गटाच्या बैठकीत ठेवा. कुणी शेळ्यांसाठी कर्ज मागितलं की आपण हप्ता परवडेल का ते विचारतो. त्याबरोबर हेही विचारायचं, की माळाला परवडेल का. गावात माळ शंभर एकर आणि आधीच दीडशे शेळ्या असतील, तर आणखी वीस शेळ्यांचं कर्ज मंजूर करताना बांधावर चाऱ्याचं गवत, सुबाभूळ, शेवरी लावण्याची अट जोडता येते. आमच्या एका गटाने मोजणीनंतर ठरवलं की यंदा शेळ्या वाढवायच्या नाहीत, वैरणीची सामूहिक खरेदी करायची, तीही कडबा स्वस्त असताना. ज्या दोघींना कर्ज हवं होतं त्या नाराज झाल्या, हेही खरं. पण माळ सगळ्यांचा आहे, आणि त्या दोघींच्या आधीच्या शेळ्याही तिथेच चरतात.

वही तयार झाली की ती घरात ठेवायची नाही. ग्रामसभेत वाचायची. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्यात एक तृतीयांश महिला असायला हव्यात. या समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या माळावरच्या गवतांची नावं, ती कुठे उगवतात, कोणत्या महिन्यात, कोणत्या जनावराला, हे सगळं त्या नोंदवहीत गेलं पाहिजे. ज्या जमिनीवर दहा जातींचं गवत लिहिलेलं आहे, ती पडीक आहे असं म्हणताना समोरच्याला थोडं थांबावं लागतं. उपग्रहाची नोंदही सोबत लावा. दोन्ही जुळत असतील तर आपलं म्हणणं भक्कम होतं. जुळत नसतील तर आकाशातून बघणाऱ्याला काय दिसलं नाही ते आपण दाखवू शकतो.

शास्त्रज्ञांनाही याची गरज आहे, मैत्रिणींनो. उपग्रहाचा आकडा खरा की खोटा हे ताडायला त्यांना जमिनीवरची मोजणी लागतेच, आणि ते प्रत्येक गावात येऊ शकत नाहीत. तुम्ही रोज तिथेच असता. शेळ्यांमागे काठी घेऊन उभी असलेली बाई जे बघते, ते तारीख टाकून लिहिलं गेलं की त्याला नोंद म्हणतात.

येत्या एक तारखेला पहिला फोटो काढा. चार दगड, एक वही, एक चौकट. दिवाळीनंतरच्या प्रभागसंघाच्या बैठकीत आपापल्या वह्या घेऊन या, गावागावांचे आकडे फळ्यावर मांडू आणि वैरणीच्या खरेदीचं ठरवू. गवताची नावं सांगणाऱ्या आजींना सोबत आणायला विसरू नका. त्यांच्यासाठी गाडीची सोय करू.